मशीनचा आवाज

ब्लाउज शिवून शिवून वहिनीचे डोळे अधू झाले होते, पण नणंदेची कथा छापून आली तेव्हा तिने चष्मा दोनदा पुसला. नणंद इंग्रजीत कथा लिहायची, बायकांच्या दुःखाच्या. मशीन चालवता चालवता वहिनीने आपली सगळी गाऱ्हाणी तिच्या कानावर घातली होती. आता आपलं दुःख इंग्रजीत कसं दिसतं, एवढंच तिला बघायचं होतं.

नणंदेने मराठीत अर्थ सांगितला. नायिका निघाली शेजारची इस्त्रीवाली.

"आणि मी कुठाय, वन्सं?"

"आहात ना! भिंतीपलीकडून शिलाई मशीनचा आवाज येतो, तो तुमचाच."

"तिला काय सोनं लागलंय एवढं?"

"तिला नवऱ्यानं टाकलंय, वहिनी. सामाजिक प्रश्न आहे तो."

वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. एरवी त्याच इस्त्रीवालीसाठी तिचा जीव तुटायचा. तेवढ्यात वहिनीचा नवरा दोघींसाठी चहा घेऊन आला. साखरही बेताची होती.

"तुमच्यामुळे झालं हे सगळं!" ती त्याच्यावर कडाडली.

"अगं, पण माझं चुकलं काय?"

"काही नाही! जन्मात एकदा तरी चुकायचं होतं."