दिवा लागल्यावर मागितलेलं विरजण

धागा कटिंगचं काम ज्यांनी केलंय त्यांना हे ठाऊक असेल. साड्यांचा गठ्ठा टेम्पोत चढून गेला, घर दोनदा झाडून झालं, तरी रात्रीच्या भाकरीत एखादा गुलाबी धागा निघतोच. आमच्या बमरोलीच्या किश्शांचं तसंच आहे. सगळे सांगून संपले म्हणावं, तर कुठून तरी एक निघतो आणि मी एकटीच हसत बसते.

तेव्हा आम्ही तिघी एकाच गॅलरीत राहायचो. कोपऱ्यातल्या रूममध्ये सुनंदाआक्का, शिरपूरकडची, वयाने आणि आवाजाने मोठी. मधे वंदना, परभणीची, तोंडाने फटकळ. आणि मी. दहावी शिकलेली म्हणून सगळ्यांचे फॉर्म माझ्याकडे, त्यामुळे नाव पडलं मास्तरीण. शाळेत मी एक दिवसही शिकवलं नाही, पण नाव काही गेलं नाही.

दुपारी आक्काच्या रूममध्ये बसून साड्यांचे लोंबते धागे कापायचे. पुरुष त्याला 'बायकांची पंचायत' म्हणायचे. म्हणेनात का. पंचायतच होती ती.

* * *

रेखा आमच्या शेजारची. धुळ्याकडची, अंगाने काडी, कडेवर दोन वर्षांची परी. नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. तो मारायचा, हे भिंतीपलीकडून ऐकू यायचं. त्याने तिचा मोबाइल काढून घेतला होता. ती बाहेर पडली की हा दारात उभा, कोणाशी काय बोलते ते ऐकायला.

आक्काने तिला एका दुपारी विचारलं, "तुले वाटी लईसन तरी येऊ देस ना तो?"

रेखा म्हणाली, हो, साखर-मीठ मागायला येऊ देतो.

"मंग ध्यानमा ठेव. दिवा लागावर इरजन कोन्ही मांगत नही. तू मांग."

आमच्याकडे दिवेलागण झाली की विरजण घराबाहेर देत नाहीत. लक्ष्मी जाते म्हणतात. त्यामुळे त्या वेळेला कोणी वाटी घेऊन विरजण मागितलं, तर ती बाई दही लावणार नाही, ती जीव वाचवायला आली आहे. हा रिवाज खानदेशच्या बाईला सांगावा लागत नाही. आणि पुरुषांना दही कसं लागतं हेच माहीत नसतं, त्यामुळे नवऱ्याला कळायची भीती नव्हती.

* * *

आमची पहिली फजिती झाली ती अकोल्याच्या नव्या नवरीमुळे. वरच्या मजल्यावर आठवडाभरापूर्वी आलेली. दिवा लागून गेलेला, आणि ही आक्काच्या दारात वाटी घेऊन उभी. "काकू, इरजन हाय काय वं?"

आक्काने तिला आत ओढलं आणि कडी लावली. वंदना लाटणं घेऊन आणि मी धागे कापायची कात्री घेऊन जिना चढलो. दार ढकललं. तिचा नवरा खाली मांडी घालून कांदा चिरत होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी. आम्हाला बघून त्याने सुरी खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले.

"रडतोस कशाला आता?" वंदना त्याच्यावर ओरडली.

खरी गोष्ट कळल्यावर आम्हाला तोंड लपवायला जागा नव्हती. पोरीला फक्त दही लावायचं होतं. तो मुलगा मात्र इतका हबकला की पुढे रोज दुपारी चारच्या आत स्वतः डेअरीतून दही आणून ठेवायचा.

* * *

नुसतं वाटीवर भागणार नव्हतं. रेखाला जायला जागा हवी होती. मी बायकांच्या हेल्पलाइनचा नंबर शोधून काढला, पण बोलायचा मान आक्काचा. फोन स्पीकरवर. तिकडून हेतलबेन म्हणून एक मुलगी गुजरातीत बोलत होती, आवाज गोड.

"बेन, तमे अत्यारे सेफ छो?"

आक्का म्हणाली, "शेव नही व माय, मारामारी शे आठे!"

हसू आवरेना म्हणून वंदनाने पदर तोंडात कोंबला. हेतलबेन मात्र हसली नाही. तिने पुन्हा सोप्या हिंदीत विचारलं, आत्ता जिवाला धोका नाही ना. फोनला पैसे पडत नाहीत, नाव कोणाला सांगणार नाही, गाडी पाठवता येते, आश्रयगृहात आईबरोबर लेकरूही राहू शकतं, असं सगळं नीट सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, निघायचं कधी ते रेखाबेन ठरवतील, तुम्ही नाही. आक्काला दुसऱ्याने काही शिकवलेलं आवडत नसे, पण हे तिने मला वहीत लिहून घ्यायला लावलं.

* * *

हेतलबेनने सांगितलं होतं की कागद आधी बाहेर काढून ठेवा. म्हणून रेखाने आधार कार्ड, परीचा जन्माचा दाखला आणि डॉक्टरची चिठ्ठी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणली. आक्काने ती साड्यांच्या घडीत लपवली. इतकी छान लपवली की दुसऱ्या दिवशी टेम्पोवाला गठ्ठा उचलून मार्केटला घेऊन गेला तरी कोणाच्या लक्षात आलं नाही.

दोन दिवस गल्लीत येणाऱ्या प्रत्येक टेम्पोकडे आम्ही धावत होतो. ते कागद गेले असते तर रेखाचं निघणं पुन्हा किती लांबलं असतं कोण जाणे. रेखाच उलट आम्हाला समजावत होती, आणि तेच बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तोच गठ्ठा जसाच्या तसा परत आला. तिकडे चेकिंगला एक म्हातारे काका होते, आम्ही त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाही. पिशवी होती तिथेच होती. साड्यांत एकही धागा लोंबत नव्हता, तरी वर नेहमीची चिठ्ठी टाचलेली, माल नापास झाला की लावतात ती. तिच्यावर लिहिलं होतं, "परत. काम अधूरुं छे."

* * *

पोलीस चौकीत तक्रार द्यायला रेखा आमच्याबरोबर आली, नवरा कामावर असताना. तिथल्या टेबलावरच्या माणसाने वर न बघताच सांगितलं, "बेन, आ घरनो मामलो छे. काले आवजो." म्हणजे उद्या या.

वंदनाने काखेतला गठ्ठा खाली ठेवला, सोडला आणि भिंतीला टेकून साडी मांडीवर घेतली. आम्हीही बसलो. तिघींच्या कात्र्या कचकच चालू झाल्या. तो म्हणाला, हे काय चाललंय?

"घरचं काम टाकून येता येईना, म्हणून कामच घेऊन आलोत," वंदना म्हणाली. "तुमचं चालू द्या."

पंखा जोरात होता. अर्ध्या तासात हिरवे-गुलाबी धागे टेबलाखाली, फायलींवर, चहाच्या कपात. आतून मोठे साहेब बाहेर आले, त्यांच्या खांद्यावरच्या स्टारला एक धागा लोंबत होता. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, रेखाच्या सुजलेल्या मनगटाकडे पाहिलं आणि त्या माणसाला म्हणाले, "एमनी अरजी हमणां ज लई लो."

अर्जाची शिक्का मारलेली प्रत मिळाली तेव्हा रेखा पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मीही रडले, उगाच खोटं कशाला सांगू.

* * *

निघायचा दिवस रेखानेच ठरवला. दुपारी नवरा लूमवर गेला की मागच्या गल्लीत गाडी येणार. आणि नेमका त्याच दिवशी लूम बंद, नवरा घरी. दुपार गेली. गाडी एकदा येऊन परत गेली, हेतलबेन म्हणाली, पुन्हा पाठवते. आम्ही साड्या मांडीवर घेऊन बसलेलो, एक धागा कापला नाही.

दिवा लागला आणि गॅलरीतून आवाज आला, "आक्का, इरजन शे का?"

कडेवर परी, हातात वाटी. मागे दारात तो उभा, बघत. वंदना तडक त्याच्याकडे गेली. "भाऊ, एवढा गठ्ठा आमच्या माळ्यावर चढवून द्या की. माझी कंबर गेलीया." बाईमाणसासमोर नाही कसं म्हणायचं, गेला बिचारा गठ्ठा उचलायला.

आक्काच्या कोपऱ्यातल्या रूमला मागून दार होतं. मागच्या गल्लीत गाडी पुन्हा येऊन उभी होती. रेखा पाऊल बाहेर टाकणार तेवढ्यात आक्का म्हणाली थांब, आणि दह्याच्या गंजातून खरंच चमचाभर विरजण तिच्या वाटीत घातलं. मी म्हटलं, आक्का, दिवा लागलाय, लक्ष्मी जाईल.

"लक्ष्मीच जाई राह्यनी व," आक्का म्हणाली. "मंग इरजन बी लई जाऊ दे तिले."

* * *

ती पंचायत आता राहिली नाही. आक्का गावी गेली, शेवटची भेटली तेव्हा ऐकू कमी येत होतं. वंदना सचिन गावात मुलाकडे असते, सणाला फोन करते. आमची गॅलरी पाडून तिथे नवी बिल्डिंग झाली. मला अजून दुपारी तीन वाजले की हातात कात्री नाही याचं वाईट वाटतं.

मागच्या महिन्यात इच्छापोरला रेखाकडे गेले होते. कारखान्यात पॅकिंगला आहे, दोघी मायलेकी राहतात. परी आता सातवीत. जेवायला दही वाढलं, घट्ट, गोडसर. "आक्कानंच इरजन शे," रेखा म्हणाली. "एक दिवस तुटू देलं नही."

संध्याकाळी दिवा लावून आम्ही चहाला बसलो होतो. दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. बाजूच्या लाइनीतली, उत्तरेकडची, नुकतीच लग्न झालेली दिसत होती. डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत, हातात रिकामी वाटी.

"दीदी, जामन है क्या?" विरजणाला त्यांच्याकडे जामन म्हणतात.

परीने टीव्ही बंद केला आणि माझ्या हाताशी पडलेला मोबाइल उचलला. रेखा कप खाली ठेवून उठली.

"है ना," ती म्हणाली. "अंदर आ."