झाकणावरचं नाव

दीड महिना झाला. त्या सकाळी मी नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, भाजीबाजारात मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होते आणि पिशवीतला मोबाइल वाजला. नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज होता... 'सौ. मंगल यांचे आज पहाटे दुःखद निधन झाले.' पुढे नवऱ्याचं नाव, आडनाव, सातपूरचा पत्ता, अंत्ययात्रेची वेळ आणि जोडलेले हात. मी वाचलं आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं, कोण मंगल? भाजीवाली म्हणाली, "घेता का ठेवता, मावशी?" मी जुडी पिशवीत टाकली, चार पावलं चालले, आणि मग डोक्यात उजेड पडला. मेलेली बाई माझी सख्खी बहीण होती. तिच्या मुलाने, नितीनने, मला वेगळा फोनसुद्धा केला नव्हता. नंतर म्हणाला, "मावशी, घाईत राहून गेलं गं." राहून जायचंच. त्या घरात तिच्या वाट्याचं सगळं घाईत राहूनच जात आलं. पण त्या सकाळी मला सगळ्यात जास्त संताप आला तो माझा. बहीण गेल्याची बातमी हातात धरून मी 'कोण' म्हणून विचारलं होतं.

त्याचं कारण एवढंच की माझ्या बहिणीचं नाव मंगल नव्हतं. तिचं नाव द्वारका. वणीला आमच्या वडिलांचं फुलाहारांचं दुकान होतं. देवीच्या गडावर जाणारी माणसं वाटेत हार घ्यायची. द्वारका माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, त्यामुळे ताई-बीई मी कधी म्हटलं नाही. 'ए द्वारके' अशी हाक मारायची आणि तिने 'काय गं शके' म्हणून ओ द्यायची. हारातून गळलेल्या झेंडूच्या पाकळ्या ती गोळा करून वाळवायची आणि शिमग्याला त्यांचा रंग करायची. काही फुकट गेलं की तिला खरोखर दुखायचं. हा स्वभाव तिचा माहेरचा आहे, सासरच्यांनी शिकवलेला नाही, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते. कारण तेराव्याला तिची नणंद, विमलताई, सगळ्यांना सांगत होत्या, 'आमच्या आईने तिला काटकसर शिकवली.'

तिचं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी नाशिकला येऊन भांडी बाजारातून तिला द्यायची भांडी घेतली. पितळी परात, तांब्याचा हंडा, दोन मोठे डबे आणि सहा ताटं. दुकानातच सगळ्यांवर नाव घालून घेतलं, नुसतं 'द्वारका'. आडनाव घालू नका म्हणाले, ते आता बदलणार. आडनाव बदलणार हे त्यांना ठाऊक होतं, नावही बदलेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याच्या हातात अंगठी दिली आणि त्याने तांदळात 'मंगल' लिहिलं. वडिलांनी विचारलं, "का हो?" तर तिकडून कोणीतरी हसत म्हणालं, "अहो, विहीणबाईंचं नाव द्वारका हाय ना! एका घरात दोन द्वारका कशा चालतील?" लग्न ठरवताना जमीन विचारली होती, दाजींची कंपनी विचारली होती, पत्रिका बघितली होती. विहीणबाईंना सगळेच 'माई' म्हणायचे, त्यांचं नाव कोणी विचारलंच नव्हतं. द्वारकेने मान खाली घालून पेढा खाल्ला. दोन वर्षांनी माझ्या लग्नात असंच ताट पुढे आलं तेव्हा मी भर मांडवात सांगितलं, शकुंतलाच लिहा. कोणी मेलं नाही. माझे मिस्टर हसले आणि त्यांनी शकुंतला लिहिलं. मला जमलं ते तिच्यासाठी मी का केलं नाही? मी सतरा वर्षांची होते हे कारण मी आजवर स्वतःला सांगत आले आहे, पण आता त्याने समाधान होत नाही.

सातपूरच्या घरात तिने सत्तेचाळीस वर्षं स्वयंपाक केला. दाजी कंपनीत पाळीने जायचे, पुढे धाकटा दीरही तिथेच लागला. दोघांच्या पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून दिवसातून तीनदा चूल. मी तिच्याकडे गेले की 'ए द्वारके' म्हणायची सोय नाही, कारण माई समोर बसलेल्या. सुनेच्या बहिणीने सासूचं नाव अरेतुरेत घ्यायचं कसं? मग मी तिला 'अक्का' म्हणायला लागले. दाजी 'अगं' म्हणायचे. त्यांनी तिला तेही नाव घेऊन हाक मारली नाही आणि हेही नाही. असं करत करत आम्ही सगळ्यांनी मिळून ते नाव पुरलं.

तिच्या हातची चव सांगायची तर हा लेख पुरणार नाही, आणि सांगायला बसले की डोकं तापतं. दोडक्याच्या शिरांची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची भाजी, कोथिंबिरीच्या काड्या वाटून घातलेली आमटी. तेलाची रिकामी पिशवी कापून तिच्या आतलं तेल ती कणकेने पुसून घ्यायची. तूप कढवल्यावर तळाशी राहिलेली बेरी पोरांना साखर घालून द्यायची, आणि पोरांना वाटायचं की ही काहीतरी खास मिठाई आहे. बारसं असो, डोहाळजेवण असो, नितीनला नोकरी लागली त्याचा सत्यनारायण असो, चाळीस पानं ती एकटी उठवायची. लोक हात धुता धुता म्हणायचे, मंगलच्या हाताला काय चव आहे! ते ऐकायला ती कधी बाहेर आल्याचं मला आठवत नाही. आत उरलेल्या भातावर ताक ओतून जेवत असायची. मीही त्या चाळीस पानांत बसून जेवले आहे, तेव्हा फक्त इतरांना बोल लावायचा मला हक्क नाही.

आणि भांडी! भांड्यांचा तिला भारी सोस. जुने कपडे साठवून ती बोहारणीशी तासतास घासाघीस करायची आणि एखादं पातेलं, एखादा गडू पदरात पाडून घ्यायची. मग त्यावर नाव घालून आणायची. बारशाच्या वाटीवर नितीनचं, पातेल्यावर दाजींचं, घागरीवर सासऱ्यांचं. मांडणीवरून नजर फिरवली की घरातल्या सगळ्या पुरुषांची हजेरी लागायची. बायकांत एकच नाव होतं, द्वारका. येणारा-जाणारा म्हणायचा, माईंची भांडी काय जड आहेत हो, जुनं ते सोनं!

बारा वर्षांपूर्वी माई गेल्या. तेराव्याचं गोडाचं जेवण होतं. द्वारका आत पुरणपोळ्या लाटत होती आणि मी तव्यावर भाजत होते. विमलताई आत आल्या, मांडणीवरून परात काढली, हंडा काढला, दोन्ही डबे काढले. डोळ्याला पदर लावत म्हणाल्या, "आईच्या नावाची भांडी मी नेते गं वहिनी. तिची तेवढीच आठवण." माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. मी तोंड उघडलं, "अहो, ती तर माझ्या..." आणि द्वारकेने पिठाच्या हाताने माझं मनगट घट्ट दाबलं. विमलताई भांडी घेऊन बाहेर गेल्यावर म्हणाली, "राहू दे ना शके. नाव त्यांचंच हाय त्याच्यावर."

नाव त्यांचंच हाय! या वाक्याचा राग माझ्या डोक्यातून बारा वर्षं गेलेला नाही. मी तिला तिथेच म्हटलं, "अगं, बापाने दिलेली भांडी आहेत, तुझी आहेत." तर म्हणते, "लोक जेवायला बसलेत, आत्ता नको. त्यांची आई गेलीय, त्यांना वाईट वाटंल." सगळ्यांना वाईट वाटेल याचा हिशेब तिच्याकडे तयार असायचा, त्यात स्वतःला मात्र ती कधी धरायची नाही. लोक याला समजूतदारपणा म्हणतात. मला विचाराल तर मी त्याला भित्रेपणा म्हणेन. हे मेलेल्या बहिणीबद्दल लिहिते आहे, कळतंय मला... पण मी तिच्यावर चिडलेली आहे आणि ते लपवणार नाही.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी ती एका दुपारी एकटीच माझ्या घरी पंचवटीत आली. पिशवीत स्टीलचा नवाकोरा डबा होता, घट्ट झाकणाचा. म्हणाली, चल, भांडी बाजारात जायचंय. वाटेत कळलं की डबा बोहारणीकडून घेतलाय आणि त्याच्या बदल्यात लग्नातला शालू दिलाय. मी रस्त्यातच थांबले. "शालू दिलास? डोकं फिरलं का तुझं?" ती म्हणाली, "पेटीत पडून विरत चालला होता. आणि तो मंगलचा होता." नाव घालणाऱ्या माणसाने डबा मांडीत घेतला आणि विचारलं, "काय नाव?" ती इतकं हळू बोलली की त्याला ऐकूच गेलं नाही. त्याने पुन्हा विचारलं तेव्हा ती जरा जोरात म्हणाली, "द्वारका."

"पुढं?"

"पुढं काय नाय. एवढंच."

मशिन टर्रर्र वाजलं आणि झाकणावर नाव उमटलं. तिने बोटाने पुसून बघितलं, पुन्हा पुसलं. आणि मी काय केलं? मी हसले. म्हटलं, "काय गं, नातवंडं खेळवायच्या वयात हे काय सुचलंय तुला?" तिने पदराने झाकण पुसून डबा पिशवीत ठेवला. ते हसणं मला परत घेता आलं असतं तर मी काहीही दिलं असतं.

त्या डब्यात ती बेदाणे ठेवायची. द्राक्षांच्या हंगामात घडातून गळलेले मणी बाजारात स्वस्त मिळतात, ते आणून ती गच्चीवर वाळवायची. घरच्यांसाठी दुसरी बरणी होती. या डब्यातले बेदाणे मी गेले की फक्त मला मिळायचे, मूठभर, माझ्या पदरात. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच असलो तर मी हळूच म्हणायचे, "दे गं द्वारके." आणि ती दारातून बाहेर बघून घ्यायची, कोणी ऐकलं तर नाही ना.

शेवटी चार दिवस तिच्या छातीत दुखत होतं. पित्त झालंय म्हणत ती आमसूल चघळत होती आणि पोळ्या लाटत होती. घरात पाच माणसं होती आणि पाचही जणांनी पित्त म्हणून मान्य केलं.

दहाव्याला गंगेवर भटजींनी नाव विचारलं, नितीनने मंगल सांगितलं. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला, दोन मिनिटंही थांबावं लागलं नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. विमलताई म्हणाल्या, "बघा, काही इच्छा राहिली नव्हती वहिनीची. तृप्त गेली." मला त्या कावळ्याचासुद्धा राग आला. ज्या नावाने वाढलं होतं त्या बाईला खरंच काही इच्छा नसेल. दुसरीला कोणी विचारलं होतं?

तेराव्यानंतर स्वयंपाकघर आवरायला काढलं. नितीनच्या बायकोने वरच्या फळीवरून तो डबा काढला, झाकण वाचलं आणि सरळ मनाने विमलताईंपुढे धरला. "आत्या, हा माईंचा राहिलाय बघा इथे. तुम्ही घेऊन जा." विमलताईंनी हात पुढे केला. मी उठले आणि डबा हिसकावून घेतला. हो, हिसकावूनच. म्हटलं, "हात लावू नका. हा माझ्या बहिणीचा आहे. तिचं नाव आहे ते." सगळे माझ्याकडे बघत राहिले. दुःखाने बाईचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असणार. मग मी सगळं सांगितलं, तांदळाच्या ताटापासून परातीपर्यंत, आवाज न उतरवता. दाजी कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते, त्यांनी मान हलवून हो म्हटलं. त्या क्षणी सगळ्यात जास्त राग मला त्या मान हलवण्याचा आला. त्यांना सगळं आठवत होतं.

विमलताई म्हणाल्या, "वहिनी कधी बोललीच नाय गं." मी म्हटलं, "तुम्ही विचारलंत?" त्या रडायला लागल्या. मी त्यांना जवळ घेतलं नाही.

आणि नितीन... बेचाळीस वर्षांचा माणूस, दोन मुलांचा बाप. आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर आईचं नाव लिहीत आलेला. तो म्हणाला, "मावशी, आईचं नाव द्वारका होतं?"

मी डबा घेऊन घरी आले.

गेल्या आठवड्यात तिचा वाढदिवस होता. मी डब्याच्या झाकणाचा फोटो काढला, नाव स्पष्ट दिसेल असा, आणि ग्रुपवर टाकला. खाली काहीच लिहिलं नाही. पाच मिनिटांत जोडलेले हात यायला लागले. कोणी लिहिलं, 'माईंना विनम्र अभिवादन'. कोणी लिहिलं, 'जुन्या काळची माणसंच वेगळी'. कोणी फुलं टाकली. मी फोन आपटणारच होते, तेवढ्यात नितीनचा मेसेज आला. 'हे माईंचं नाव नाही. माझ्या आईचं आहे.'

जोडलेले हात यायचे थांबले. मग विमलताईंनी परातीचा फोटो टाकला. त्यांनीही खाली काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नितीन घरी आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि उठताना म्हणाला, "मावशी, तो डबा मला दे ना." मला त्याची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी म्हटलं, त्यात तुझ्या आईने वाळवलेले बेदाणे आहेत, ते माझे आहेत. ते संपले की डबा घेऊन जा.

अर्धा डबा भरलेला आहे. रोज एक खाते.