इंजिन काढलेली गाडी

चेनपुलीची साखळी ओढून जुनं इंजिन बाहेर काढलं, तसं माझ्या दोन दारांच्या जुन्या स्पोर्ट्स कारने हळूच नाक वर केलं. पुढचं ओझं उतरलं आणि दबलेल्या स्प्रिंगा मोकळ्या झाल्या, एवढंच. पण मला उगाच वाटलं, किती वर्षांनी हिने मान वर केली!

नवं, मोठं इंजिन पोर्चमध्ये गोणपाटावर तयार होतं. ते मिळावं म्हणून मी जिवाचं रान केलं होतं. पण आता पान्हा हातात घेऊन पायरीवर टेकलो, तो उठवेचना.

जिवाचं रान मी बढतीसाठीही केलं होतं. तीही मिळाली. शुक्रवारी ऑफिसातला जुना चार्ज सोडला, उद्या सोमवारी नवा घ्यायचा. मधल्या या दोन दिवसांत माझ्या डोक्यावर कोणीच नाही, काहीच नाही. काल दुपारी जेवून आडवा झालो, तो दिवेलागणीलाच जाग आली.

बायको चहा घेऊन आली. "अगंबाई, गाडी उंच कशी झाली?"

"इंजिन काढलं ना."

"आणि हे मोठं बसवल्यावर?"

"पहिल्यापेक्षा खाली बसेल. वजन जास्त आहे याचं."

ती गाडीकडे नाही, माझ्या खांद्यांकडे बघत होती. "आजचा दिवस राहू दे तशीच," म्हणाली.

मी पान्हा खाली ठेवला. कुठेही जाऊ न शकणारी ती गाडी इतक्या ऐटीत उभी असलेली मी कधीच पाहिली नव्हती.