सासूला फिनलंड कुठून कळलं?

मी नर्स आहे. मेलेल्या माणसांची अंगं पुसलीत, पायाचे अंगठे बांधलेत, आणि त्यातलं कुणी कधी उठून बसलेलं नाही. त्यामुळे या ग्रुपवरचे भुताटकीचे किस्से मी आजवर हसायलाच वाचत आले. आता माझा वाचा आणि तुम्ही हसा. फक्त 'ताई, तुमचा ब्राउझर लीक होत असेल' असं शिकवायला येणाऱ्यांनी आधी शेवटपर्यंत वाचायचं. ते सगळं मी तपासलंय.

गाव मेडशी, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम. लग्न ठरताना यांना शिकलेली बायको पाहिजे होती. मिळाल्यावर मात्र नोकरी करणारी नको झाली! माझा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेला आणि मी दिवसभर भाकरी थापायच्या. एकदा विषय काढला, तर नवऱ्याने सरळ सांगितलं, "पुन्ना हे बोलली तं फोन फोडीन अन् माहेर बंद करीन." असा माणूस.

घरात वायफाय दिराचं. मालेगावात त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. नवी नवरी असतानाच त्याने ऐकवलं होतं, "वयनी, या घरात कोन काय पाह्यते, सगळं मले दिसते बरं." आणि दिसायचं की! मी नर्सिंगच्या जागा शोधल्या, की संध्याकाळी नवरा तोंड वाकडं करून हजर. मेल्याला दुसरा धंदा नव्हता.

मग कॉलेजच्या मैत्रिणीने प्रॉक्सी शिकवली. म्हणजे आपण थेट साइटवर जायचंच नाही... मधे दुसऱ्या देशातलं एक मशीन असतं, ते आपल्यासाठी जाऊन येतं. राउटरला फक्त ते मशीन दिसतं, आणि साइटला मेडशी दिसत नाही. तिने बजावलंही होतं, "पूर्ण लपलीस असं समजू नको. मशीनवाल्याला दिसू शकतं, आणि पोलिसांनी मनावर घेतलं तर तेही माग काढतात." मला पोलिसांपासून कुठे लपायचं होतं? दिरापासून लपले तरी पुष्कळ.

आणि लपले. दिराच्या चुगल्या बंद झाल्या. एका दुपारी खोलीत बसून, फिनलंडच्या मशीनमधून, नागपूरच्या एका हॉस्पिटलचा अर्ज भरला आणि चहा ठेवायला बाहेर आले. सासू ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. वर न बघता म्हणते,

"नागपूरले जायाले फिनलंडातून कायले जातं वं?"

माझ्या हातातलं पातेलं पडलं. अहो, ही बाई अंगठेबहाद्दर. मोबाइल दिला तर उलटा धरते. त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी तोंडातून शब्द काढला नव्हता.

"काय म्हनलं आई?"

"काई नाई. चाय ठेव."

मी म्हटलं, दिराचंच काम. दुसऱ्या खेपेला वायफाय बंद केलं, स्वतःच्या सिमचा डेटा लावला, वावरात, शेताच्या बांधावर जाऊन बसले आणि प्रॉक्सीचा देश बदलला. घरी येऊन पाय धुते न धुते तोच मागून आवाज, "आता रोमानिया काहाडलं का नवीन?"

आवाजात नुसतं विष. तिला मी पहिल्यापासून नकोच होते, आणि खरं सांगू, मलाही ती. आता तर माझी मानच तिच्या हातात सापडली होती. तिने माझ्या नवऱ्याला एक शब्द सांगितला असता, की नोकरीची आशा गेली, माहेर गेलं, सगळं गेलं.

वायफाय नाही तर माझ्या फोनमध्येच याने काहीतरी घातलं असेल, म्हणून मी दिराला गाठलं. "भाऊजी, तुमीच आईले सांगता!" त्याने शपथा घेतल्या. राउटरचं पान माझ्यासमोर उघडलं. माझ्या फोनच्या नावापुढे परदेशातला एक पत्ता, बाकी काही नाही. "म्हातारी अंदाज हाणते वयनी," तो हसला. "उद्या मीच प्रॉक्सी लावून दुकानातून काईतरी पाह्यतो. मंग इचारू तिले."

दुसऱ्या संध्याकाळी दोघे भाऊ जेवायला बसलेले. दिराने डोळा मारून विचारलं, "सांग माय, आज म्या काय पाह्यलं?"

सासूने त्याच्या ताटात भाकर टाकली. "मले फसवाले गंमत म्हनून पाह्यलं ते सांगू, का त्याच्याआंधी पाह्यलं ते? वावर इकाले काहाडलं तू. फोटू टाकला. दुसऱ्याच्या नावानं."

नवऱ्याने दिराचा फोन हिसकावला... जाहिरात होती. वावर सासूच्या नावावर! मग जे भांडण पेटलं, बाप्पा! शेजारी दारात येऊन उभे राहिले. चहूकडून कोंडी झाली तसा दीर माझ्यावर उलटला, "माह्याच मागं कायले लागले? हे वयनी रोज चोरून काय पाह्यते, ते इचारा ना तिले!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धनजला माहेरी जाणार होते... म्हणजे घरात तसं सांगितलं होतं. खरं तर त्या अर्जावरून नागपूरला इंटरव्ह्यू होता. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "सांग माय. काय पाह्यते हे?"

सासू माझ्याकडे बघत राहिली. तिथेच तिच्या पायावर पडावंसं वाटलं, पण पडले असते तर त्यानेच सगळं उघडं झालं असतं.

"ते?" ती म्हणाली. "ते सैपाकाचे इडिओ पाह्यते. तरी भाजी जमत नाई."

नवरा हसला. विषय तिथे संपला.

सकाळी पिशवी घेऊन निघताना मी दारात विचारलं, "आई, काहून खोटं बोलल्या?"

"खोटं कुठी? भाजी नाईच जमत तुले. जाय, गाडी चुकीन."

नोकरी लागली. आता नागपूरलाच राहते. नवरा येऊन शिव्या देऊन गेला. सासूही गावभर माझ्या नावाने बोटं मोडते म्हणे. एका जाणकाराला फोन दाखवला, त्याला काही सापडलं नाही. मला आजही काही कळलेलं नाही. फिनलंडचं कोडं तुम्ही सोडवा हवं तर, कमेंटमध्ये भांडा. त्या बाईने मला का जाऊ दिलं, एवढंच मला तिला विचारायचं आहे. मी फोन केला की ती बोलायला येत नाही.