आईच्या वांग्याचं बी

संक्रांत झाली तरी थंडी हटत नाही, म्हणून वर्षाचं पहिलं बी आज घरातच, खिडकीपाशी टाकलं. दह्याच्या रिकाम्या डब्यांत माती भरताना दोनदा थांबावं लागलं. गेलं वर्ष आमच्या ह्यांच्या आजारपणात गेलं, तेव्हा पेरणं राहूनच गेलं. आईनं राखेत घोळून दिलेलं काटेरी वांग्याचं बी आता जुनं झालंय. आई नाही, आणि ते वांगं बाजारात कुठं मिळत नाही.

चिमूटभर बी मागे ठेवायची आमची रीत आहे. पुडी सोडली आणि हात थांबला. माणूस फार दमला की पुढच्या वर्षासाठी काही ठेवणंसुद्धा ओझं वाटतं. मातीला मात्र हात दमलेला आहे की ताजा, हे कळत नाही. मी पुडी पालथी केली.

खाटेवरून हे बघत होते. "सगळंच टाकलंस?"

"सगळंच."

"आणि नाही उगवलं तर?"

मी बोटांची राख पुसत राहिले, मग तांब्या उचलला.

भिंतीला धरून हे हळूहळू खिडकीपर्यंत आले. "अगं, बेतानं. पूर आणशील," म्हणाले, आणि तांब्या माझ्या हातातून घेतला.