वणीला नेलेलं गाठोडं

लेकीच्या बाळंतपणाला मी विदर्भातल्या वणीला गेले तेव्हा माझ्याबरोबर दोन गाठोडी आणि एक पोतं होतं. पोत्यात शेणी होत्या. आमच्याकडं गोवऱ्यांना शेणी म्हणतात. वर्ध्याच्या फलाटावर जावई उतरवून घ्यायला आले होते. त्यांनी पोतं उचललं, वास घेतला आणि माझ्याकडं नुसतं बघितलं.

"म्हशीच्या हायत, चांगल्या वाळलेल्या," मी म्हटलं. "शेगडीला लागतील."

जावई पोतं खांद्यावर टाकून एसटीच्या दिशेनं चालायला लागले. मला वाटलं, जावयाला समजलं.

आमचं गाव कोल्हापूरच्या पश्चिमेला, डोंगरात. पाऊस लागला की चार महिने हटत नाही. भिंतींना ओल येते, चूल पेटत नाही, अंगावरचे कपडे अंगावरच वाळवायचे. माझी शाळा सहावीतच सुटली, कारण घरी धाकटी भावंडं सांभाळायला कुणी नव्हतं. त्यामुळं मला जे येतं ते बघून आलेलं आहे, वाचून नाही. आणि बाळंतपण हे एक काम आपल्याला पक्कं येतं अशी माझी समजूत होती.

त्याला कारण होतं. माझी थोरली जाऊ श्रावणात बाळंत झाली आणि आठव्या दिवशी तापानं गेली. सगळी म्हणाली, वारं लागलं. पुढच्या पावसात माझी लेक झाली, तेव्हा माझ्या आईनं सव्वा महिना माझ्या बाजेखालची शेगडी विझू दिली नाही. मी जगले ती त्या शेगडीमुळं, असं मी तेव्हापासून धरून चालले होते.

लेक बाळंतपणाला माहेरीच यायची होती. पण आठव्या महिन्यात तिच्या पायांवर सूज आली आणि डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलं. जावई तिथं कोळशाच्या खाणीवर डंपर चालवतात. त्यांच्या घरी कुणी बाईमाणूस नाही. मग मीच निघाले. आयुष्यात मिरजेच्या पलीकडं गेले नव्हते. रेल्वेत रात्रभर गाठोड्यांवर हात ठेवून बसले, कारण माझ्या लेकीचा जीव त्यात बांधलेला होता असं मला वाटत होतं. डिंकाचे लाडू, हळीव, सुंठ, बाळंतशेपा, ओवा, वावडिंग. बाळंतकाढ्याच्या तीन बाटल्या चिंध्यांत गुंडाळून. पोट बांधायला माझ्या आईच्या लुगड्याचा लांब पट्टा. कानाला बांधायला दोन मफलर. मऊ सुताची फडकी कितीतरी, आणि चार डझन लंगोट. एवढे कशाला, असं कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की आमच्याकडं पावसाळ्यात एक लंगोट वाळायला दोन दिवस लागतात. वणीला मे महिन्यात काय होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या होत्या. खिडकी उघडली की तासाभरात ओट्यावर कोळशाची काळी पूड बसायची. त्याच खिडकीत बाहेरच्या बाजूनं लोखंडी कूलर बसवलेला होता, वाळ्याच्या ताट्यांचा. त्याच्यासमोर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा ओल्या डोंगराचा वास आला आणि घर आठवून मला रडू आलं. पण लेक सरकारी दवाखान्यात बाळंत होऊन, मुलगी घेऊन तिसऱ्या दिवशी घरी आली, तेव्हा मी पहिलं काम काय केलं असेल तर तो कूलर बंद केला. खिडकी लावून घेतली. फटीत फडकं कोंबलं.

"आई, उकडतंय गं लई," लेक म्हणाली.

"उकडू दे. टाके पडलेत तुला. अंग शेकलं पायजे."

"इथं समदी कूलर लावत्यात."

"समदी बाळंतीण न्हाईत."

तिच्या कानाला मफलर बांधला, पोटाला पट्टा आवळला, घमेल्यात शेणी पेटवून बाजेखाली सरकवल्या आणि वर ओवा टाकला. पाणी उकळून कोमट केलेलं, तेही अर्धा पेला, तहान फारच लागली तर. बाळंतिणीनं ढसाढसा पाणी प्यायचं नसतं असं माझी आई म्हणायची. लेक निमूट पडून राहिली. ती लहानपणापासून तशीच, मी सांगितलं की ऐकणारी. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी शेजारीण आली. भिंतीला भिंत लागून तिचं घर, आणि पुढं तिच्या नवऱ्याचं ट्रकच्या रेडिएटरचं गॅरेज. लेक तिला भाभी म्हणायची. हातात पाण्याची सुरई होती. दारातून आत पाऊल टाकलं आणि धुरानं खोकायला लागली.

"बाप्पा बाप्पा! काकू, हे काय करून राह्यल्या? कूलर काहून बंद केला?"

"बाळंतीण हाय न्हवं. वारं लागतं."

"वारं?" तिनं पदरानं वारा घेतला. "या महिन्यात वणीत वारं कुठून आणता? भेटलं तं मलेबी सांगा, दोन बादल्या भरून ठेवतो." मग पोत्याकडं बघून म्हणाली, "आन गवऱ्या कोल्हापुराहून आणल्या? आमच्या म्हशी संपावर गेल्या का?"

लेक हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदाच. ते हसू माझ्या मनाला लागलं.

भाभी बाजेवर टेकली, तिनं लेकीच्या गळ्याला हात लावला आणि तिचा आवाज बदलला. "काकू, माही पोरगी मे महिन्यातलीच आहे. तवा माह्या सासूनं खिडकीले ओली चादर बांधली होती. हिले पाणी पिऊ द्या. गोंदाचे लाडू थंडीत देजा, आता कायले?"

मी तिच्याकडं न बघता म्हणाले, "तुमच्यात चालत असंल. आमच्यात न्हाई."

ती मग उठत म्हणाली, "ऊन तं दोघींच्याही पत्र्यावर सारखंच पडून राह्यलं, काकू." सुरई तिथंच ठेवून गेली. मी ती उचलून मोरीत ठेवली, लेकीचा हात पोचणार नाही अशी.

पुढचे दोन दिवस मी आनंदात होते, हे मला लिहायला जड जातं. बाळ रडत नव्हतं. लंगोटांची घडी तशीच होती. सकाळी एक बदलला, तो संध्याकाळपर्यंत कोरडा. मी जावयाला कौतुकानं सांगितलं, "लई शहाणी हाय पोरगी. लंगोटसुद्धा भिजवत न्हाई." ते डंपरवरून आलेले, डोळे लाल. म्हणाले, "आजीवर गेली." दोघंही हसलो. लेक मात्र दूध येत नाही म्हणून कुशीवर वळून रडायची, आणि मी तिला आणखी एक लाडू द्यायचे, आणखी एक झाकण काढा.

घरी आल्याला पाचवा दिवस होता. सकाळपासून लेक डोकं फुटतंय म्हणत होती. दुपारी पत्रा तापून वाजायला लागला. मी शेक द्यायला शेगडी घेऊन गेले तर तिचं अंग तापलेलं आणि कोरडं. घाम नाही. ओठांवर पापुद्रे. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, म्हशी सोडल्या का गं?"

"कुठल्या म्हशी, बाळ?"

"पाऊस आलाय," ती म्हणाली. "म्हशी आत घे."

मला जाऊ आठवली. जाऊसुद्धा शेवटी असंच काहीबाही बोलत होती. मला वाटलं, लागलंच शेवटी वारं, कुठली तरी फट राहिली. मी दार लावलं. खिडकीतलं फडकं बोटानं आणखी आत ढकललं. शेगडीत दोन शेणी वाढवल्या. माझ्या हातानं वाढवल्या.

मग बाळाकडं बघितलं. ते तोंड उघडत होतं, रडल्यासारखं, पण आवाज येत नव्हता. डोळ्यांत पाणी नव्हतं. टाळूवर हात ठेवला तर टाळू आत गेलेली.

जावयाला फोन लावला. खाणीत खाली उतरले की त्यांचा फोन लागत नाही, हे मला माहीत होतं, तरी सात-आठ वेळा लावला. जे येत होतं ते सगळं करून झालं होतं. गाठोडी उघडी पडली होती आणि त्यांत आता काय शोधायचं ते मला कळत नव्हतं. हातात चिमटा घेऊन मी खोलीच्या मध्यभागी उभी होते. पाच मिनिटं असेल, जास्तही असेल.

शेवटी मागच्या दारी गेले. भिंतीपलीकडं भांडी घासल्याचा आवाज येत होता. हाक मारायची तर काय म्हणून, असं मनात आलं. तीन दिवसांपूर्वी मी जे बोलले होते ते तोंडात तसंच होतं.

"भाभी," मी हाक मारली. पहिल्यांदाच. "भाभी, या हो."

भांड्यांचा आवाज थांबला. ती ओल्या हातानंच आली. आत पाऊल टाकताच "या अल्ला" म्हणाली. घमेलं पदरानं धरून अंगणात नेऊन टाकलं. खिडकी उघडली, बटण दाबलं. कूलर कोरडाच घरघरला आणि गरम धूळ आत आली, तेव्हा मोरीतली बादली उचलून तिनं टाकीत ओतली. लेकीच्या कानाचा मफलर सोडला, पोटाचा पट्टा सोडला. मग इकडंतिकडं बघितलं आणि माझं गाठोडं ओढलं. त्यातली मऊ फडकी काढून सुरईतल्या पाण्यात बुडवली, पिळली, आणि लेकीच्या गळ्यावर, काखेत, कपाळावर घातली.

"कपडा तं मोठा मऊ आणला, काकू," ती म्हणाली. "भिजवा आनखी. उभ्या नका राहू."

मी भिजवत गेले. तिनं गॅरेजकडं तोंड करून हाक मारली, नवऱ्यानं रस्त्यावरची ऑटो थांबवली.

दवाखान्यात लेकीला सलाइन लावलं. बाळाला दुसऱ्या खोलीत नेलं. नर्सबाईंनी मला विचारलं, "पाणी किती देत होता?" मी बोटानं पेल्यावर खूण करून दाखवली. "आणि बाळानं लघवी कितींदा केली?"

"लंगोट भिजवत नव्हती," मी म्हणाले, आणि तोंडातून शब्द बाहेर पडतानाच मला कळलं की मी काय सांगते आहे.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी पेन थांबवलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आजी, सुकलंय बाळ. आई सुकली की बाळ सुकतं. बसा तिथं."

मी बाकावर बसले. माझ्या पिशवीत काढ्याची बाटली होती, निघताना का घेतली कोण जाणे. भाभी शेजारी बसली होती. तिच्या घरी भांडी तशीच पडली असतील, पोरगी भुकेली बसली असेल, हे मला दिसत होतं, पण तुम्ही जा असं म्हणायची माझ्यात ताकद नव्हती. ती गेली असती तर मी त्या बाकावर एकटी काय केलं असतं?

खूप वेळानं मी म्हणाले, "मीच मारत हुते की हो पोरीला."

"एवढ्या दुरून कोणी मारायले येते का?" ती म्हणाली. "गवऱ्या घेऊन?"

मी रडता रडता हसले. मग नुसतीच रडले.

दिवस कलला तेव्हा लेकीनं डोळे उघडून नीट माझ्याकडं बघितलं आणि म्हशींचं काही बोलली नाही. पाणी मागितलं. नर्सबाईंनी बाळ आणून भाभीच्या मांडीवर दिलं, कारण मी लेकीला पाणी पाजत होते. थोड्या वेळानं भाभी एकदम ओरडली.

"घ्या काकू! तुमच्या नातीनं माह्या साडीचं कल्याण केलं!"

ती ओली मांडी मला दाखवत होती, आणि मी त्या ओल्या जागेवर हात ठेवून बघितला.

दोन दिवसांनी घरी आलो. जावयांनी कूलरच्या ताट्या नव्या बसवल्या. टाकीत पाणी ओतायचं काम मी मागून घेतलं. पण खरं सांगायचं तर भीती गेलेली नाही. कूलर चालू असला की मी बाजेच्या आणि त्याच्या मध्ये बसते, वारा आधी माझ्या पाठीवर यावा म्हणून. भाभी येता-जाता हसते. "काकू, तुम्हीच सुकान आता," म्हणते. हसू दे. तिचा हक्क आहे.

लंगोट मी अंगणात धुते. एक पिळून दोरीवर टाकायचा, दुसरा टाकायचा, आणि शेवटचा टाकेपर्यंत पहिला वाळून कडक झालेला असतो. आमच्याकडं हे कुणाला पटणार नाही. चार डझन कधीच लागले नसते, दहा पुरले असते. पण दोरी रिकामी दिसली की मला ते कोरडे लंगोट आठवतात. हातातलं टाकून आत जाते, सुरईतून पेला भरते आणि लेकीच्या पुढं धरते.

"आई, आत्ताच प्याले की गं," ती म्हणते.

"पी," मी म्हणते.