धूळ न सोसणारे सर

व्हिक्टोरियन वृत्तपत्रांबाबत आमच्या सरांचा शब्द अंतिम असतो. धूळ सोसत नाही म्हणून त्यांनी त्यातलं एकही कधी हातात घेतलेलं नाही. लंडनजवळ मेडनहेडला घरी बसून ते कॉम्प्युटरवर शोधतात.

साहेबाच्या मुलांबरोबर लंडनला आलेल्या एका आयाबाईनं त्या काळच्या एका साप्ताहिकाला लिहिलेल्या पत्रावर माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण उभं होतं.

“सर्चमध्ये येत नाही, सो इट डझन्ट एक्झिस्ट. तू तो चॅप्टर काढून टाक,” सर म्हणाले.

छपाई इतकी पुसट होती की कॉम्प्युटरला ती वाचताच आली नव्हती. मी ग्रंथालयात जाऊन त्या पानाचा फोटो पाठवला. उत्तर आलं नाही, सरांचा लेख आला. त्यात ते पत्र होतं आणि खाली तळटीप: ‘मूळ प्रत प्रत्यक्ष पाहिली.’

प्रबंध दाखल करायला सरांची सही लागते. त्यामुळे त्यात पहिले आभार त्यांचेच आहेत, धूळ सोसून मूळ प्रत पाहिल्याबद्दल.